‘हलका तंबू म्हणजे जिवाशी खेळ’ या प्रतिक्रियेला उत्तर, जरा लांबलचक

हलक्या तंबूवरच्या लेखाखाली आलेली तुमची प्रतिक्रिया वाचली. दादा म्हणू की ताई ते नावावरून कळलं नाही म्हणून नुसतं तुम्हीच म्हणतो. खरं तर दोन ओळींत उत्तर टाकणार होतो पण मुद्दे निघत गेले, तेव्हा वेगळंच लिहायला बसलो. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: तुमचं म्हणणं असं की दीड किलोच्या आतला तंबू फक्त चांगल्या हवेत ठीक, त्याचं कापड 1,200 मिमीचं म्हणजे पावसात गळणारच, ट्रेकिंग पोलवर, म्हणजे चालताना हातात धरायच्या काठ्यांवर, उभा राहणारा तंबू म्हणजे निव्वळ थट्टा, आणि हवेचा भरवसा नसेल तर सरळ बर्फातला साडेतीन किलोचा तंबू घ्यावा, तो सगळीकडे चालतो. बाकी काही सांगणं म्हणजे नवख्यांना जिवाशी खेळायला लावणं. शेवटी तुमचा स्वतःचा जुना तंबू अजून ठणठणीत आहे, फक्त आतून थोडा चिकट लागतो, असंही लिहिलंय. त्याकडे येतोच.

आधी ते 1,200 बघू, कारण या आकड्याला लोक उगाच घाबरतात. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरायचा आणि किती उंचीला थेंब आरपार यायला लागतात ते मोजायचं, एवढीच ती टेस्ट. म्हणजे 1,200 वालं कापड एक मीटर वीस सेंटिमीटर पाणी डोक्यावर धरून उभं राहतं. ताशी 100 किमीचा वारा कापडाला जेवढा रेटतो तो दाब याच मापात मोजला तर जेमतेम 50 मिमी भरतो. थेंबाचा फटका त्याहून जोराचा असतो हे मान्य, पण तो क्षणभराचा असतो आणि नीट ताणलेल्या उतरत्या छपरावरून पाणी लगेच घरंगळून जातं, साचत नाही. छपराला चांगल्या कापडात 1,200 पुरतं, आणि नवीन असताना 3,000 दाखवणारं स्वस्त कोटिंग दोनचार वर्षांत किती उरतं हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आकडा खरा कुठे कमी पडतो तर तंबूच्या जमिनीला, म्हणजे तळाच्या कापडाला. सत्तर किलोचा माणूस गुडघ्यांवर बसून सॅक उपसतोय असं धरा, दोन्ही गुडघ्यांखाली मिळून शंभर चौरस सेंटिमीटर जागा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 700 ग्रॅम, म्हणजे सात मीटर उंच पाण्याएवढा दाब. 7,000 मिमी! तिथे तुमच्या भारी तंबूची 5,000 ची जमीनसुद्धा कागदावर नापास होते. मग सगळे भिजत का नाहीत? कारण मॅटवर आडवं झालं की वजन पसरतं, आणि शहाणा माणूस पाणथळ खळग्यात तंबू लावत नाही. पाणी वाहून जाईल अशी, किंचित उंचवट्याची जागा निवडली तर जमिनीचा आकडा फारसा आड येत नाही, आणि खळग्यातच लावायचा असेल तर कोणताही आकडा वाचवत नाही.

आता ‘गळतो’ याबद्दल. पावसाळी रात्रीनंतर सकाळी स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक ओलं झालेलं दिसलं की तंबू गळाला असं लोक लिहून मोकळे होतात, पण बऱ्याच वेळा तिथे गळलेलं काहीच नसतं. नायलॉन पाणी पितं आणि सैल पडतं. संध्याकाळी ढोलासारखा ताणलेला फ्लाय (तंबूचा बाहेरचा थर) दोन तासांच्या पावसात पोट काढतो, इनरला (आतल्या थराला) टेकतो, आणि फ्लायच्या आतल्या बाजूला आपल्याच श्वासाचं जे पाणी जमलेलं असतं ते इनरमधून थेट बॅगवर उतरतं. पॉलिएस्टर यापेक्षा खूपच कमी सैल पडतं, म्हणून अलीकडे बरेच हलके तंबू त्याकडे वळलेत, आणि डायनिमा कंपोझिट हे प्लॅस्टिकच्या पापुद्र्यांत मजबूत धागे बसवलेलं कापड तर पाणी पितच नाही (ते महाग आहे, घडी मोठी होते आणि घासलं गेलं की लवकर झिजतं, तो वेगळा विषय). नायलॉनच असेल तर झोपायच्या आधी एकदा बाहेर येऊन ताणदोऱ्या पुन्हा ओढायच्या. एवढं केलं तरी निम्मी तक्रार मिटते.

आणि हे श्वासाचं पाणी काही तंबू हलका म्हणून जमत नाही. निरभ्र रात्री उघड्या आकाशाखाली फ्लायमधली उष्णता वर निघून जाते, कापड बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतं आणि मग त्यावर दव धरतं, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून. झाडाखाली हेच कमी होतं. ओढ्याच्या काठाला, दरीच्या तळाशी जास्त होतं, कारण गार दमट हवा तिथे येऊन बसते. यावर इलाज एकच, हवा खेळती ठेवणं. दोन्ही टोकांना व्हेंट, एक खाली एक वर, आणि पाऊस असला तरी ते बंद न करण्याची हिंमत.

इथेच तुमच्या ‘बर्फातला घ्या, सगळीकडे चालतो’ याला माझा विरोध आहे. तो तंबू बनवलाय भुरभुरणारा बर्फ आत येऊ नये म्हणून, त्यामुळे फ्लाय जमिनीला टेकलेला, इनर जवळजवळ पूर्ण कापडाचा, जाळी अगदी नावाला. उबदार, दमट, बिनवाऱ्याच्या पावसात त्यात दोन माणसं झोपली की गरम पाण्याने अंघोळ करून दार न उघडलेल्या बाथरूमसारखी अवस्था होते, आणि वर ओला झालेला तो साडेतीन किलोचा गठ्ठा दुसऱ्या दिवशी पाठीवर. बदलती हवा म्हणजे नेहमी जास्त थंडी नव्हे ना. दुपारी ऊन, संध्याकाळी धो धो, पहाटे धुकं, मध्येच एक रात्र सोसाट्याचा वारा, अशा दिवसांत कमाल थंडीसाठी बनवलेला तंबू बाकीच्या सगळ्या वेळी चुकीचा असतो.

जिथे तुमचं बरोबर आहे तिथे पूर्ण बरोबर आहे. हिवाळ्यात झाडं उगवायची थांबतात त्या उंचीच्या वर, उघड्यावर, रात्रभर बर्फ पडणार असेल तर माझा हलका तंबू घरीच. ताजा भुसभुशीत बर्फसुद्धा घनमीटरला 50 ते 100 किलो भरतो, दोन चौरस मीटर छपरावर फूटभर साठला तर तीस ते साठ किलो झाले. तिथे एकमेकांना छेदणारे पोल लागतात, म्हणूनच नॉर्थ फेसने 1975 मध्ये ओव्हल इन्टेन्शन हा जिओडेसिक तंबू काढल्यापासून ती रचना मोहिमांवर टिकून आहे. पण ती तुमच्या माझ्या दहापैकी नऊ रात्रींची गरज नाही.

वाऱ्याचं गणित मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावं. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. म्हणजे ताशी 30 ला मजेत उभा असलेला तंबू 60 ला वेगळाच प्राणी असतो, आणि तेव्हा कापड किती डेनियरचं यापेक्षा आकार, खुंट्या आणि दोऱ्या ठरवतात. बुटका आकार, अरुंद टोक वाऱ्याकडे, आणि मोठा भाग आधाराशिवाय मोकळा सुटलेला नको. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन, बस, ताकदीचं सर्टिफिकेट नाही ते. दोन्हीकडून सिलिकॉन लावलेल्या पातळ कापडात धागे थोडे सरकून एकत्र येतात आणि फाटणं अडवतात, उलट पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगने धागे जखडले जातात, त्यामुळे जाड पीयू कापड कधीकधी सिलिकॉन लावलेल्या पातळ नायलॉनपेक्षा सहज फाटतं. एकच गोष्ट, सिलिकॉनवर शिवणीची टेप चिकटत नाही, तिथे सिलिकॉनचंच सीलर हाताने लावावं लागतं. हे न करता पहिल्याच पावसात नेलेले तंबू खरोखर गळतात, आणि मग दोष पुन्हा कापडाला.

ट्रेकिंग पोल मोडला तर? तंबूचा पोल साधारण साडेआठ नऊ मिलिमीटर जाड असतो, ट्रेकिंग पोल त्याच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे आधी कोण मोडेल ते सांगायला नको. या तंबूंची खरी अडचण तुम्ही लिहिलीच नाहीत. तंबू तळाला ठेवून शिखरावर जायचं असेल तर काठ्या तंबूत अडकलेल्या असतात. आणि सगळा डोलारा पुढच्या मागच्या दोन खुंट्यांवर, त्यातली एक निघाली की छप्पर अंगावर. कातळावर किंवा वाळूत म्हणूनच त्रास होतो, दोरीला लहान दगड बांधून त्यापुढे मोठा दगड ठेवणं जमलं पाहिजे. ज्यांना हे नको त्यांनी तंबूच्या स्वतःच्या पोलवर उभा राहणारा घ्यावा, पण तोही खुंट्या ठोकूनच, नुसता ठेवलेला तंबू वाऱ्याने लोळत जाताना बघणं करमणुकीचं असतं, दुसऱ्याचा असेल तर.

वजनाबद्दल तुम्ही कंपन्यांवर जो राग काढलाय त्याला माझं अनुमोदन. जाहिरातीतलं वजन बऱ्याचदा फ्लाय, इनर आणि पोल एवढंच असतं, खुंट्या, दोऱ्या, पिशव्या धरायच्या नाहीत. सगळं मिळून वजनकाट्यावर ठेवा आणि तोच आकडा खरा माना.

‘मग घ्यायचा तरी कोणता’ असं विचारलंत, तर एकट्यासाठी किंवा दोघांसाठी सगळं मिळून दीड किलोच्या आसपासचा, दोन थरांचा, पॉलिएस्टर फ्लायचा, आणि फ्लाय आधी किंवा इनरसकट एकदम उभा राहणारा. पावसात इनर आधी लावायची वेळ आली की बाकी सगळे गुण पाण्यात जातात, माझ्या मते कापडापेक्षा हा मुद्दा मोठा. इनर खालून अर्धा कापडाचा, वर जाळी, म्हणजे गार वारा आणि वाळू अडते पण वाफ बाहेर जाते. सोबत आलेल्या काडीसारख्या खुंट्यांपैकी निदान चार बदलून वाय आकाराचा छेद असलेल्या घ्या.

आता तुमचा चिकट तंबू. ते पीयू कोटिंगचं हायड्रोलिसिस आहे, दमट घडी करून उबेत ठेवलं की कोटिंग पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन विघटित होतं, आधी चिकट, मग आंबट वास, मग पापुद्रे. उलट फिरवता येत नाही. जमिनीचं कोटिंग खरवडून नवीन लावता येतं पण फ्लायला तो खटाटोप परवडत नाही. तेव्हा पुढच्या मोठ्या पावसात त्याला नेण्याआधी बाहेर उभा करून पाइपने तासभर पाणी मारा आणि आत बसून बघा, छपराला किती उरलंय ते.