उडी मारायला एक फ्रेम द्या हो, बाकी काही नको!

ज्या सायकलच्या जाहिरातीत एक माणूस लाल कड्यावरून उलटी कोलांटी मारत खाली येतोय, तीच सायकल घेऊन मी उडी मारली आणि फ्रेमला चीर गेली, तर वॉरंटी मिळणार की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा. नाही सांगत! खोक्यात एक पुस्तिका येते, तिच्या शेवटच्या पानांवर मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं असतं की स्टंट, रॅम्पवरच्या उड्या, कसरती आणि स्पर्धा यांत झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. बऱ्याच कंपन्यांचं हेच. मग तो फोटोतला पठ्ठ्या काय दूध आणायला निघालाय?

डोकं फिरलंय माझं. माउंटन बाईकची फुल-सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी) फ्रेम घ्यायचीय, फ्रीराइड, म्हणजे डोंगरउतारावरची मोकळी मस्ती, आणि उड्यांसाठी. बस. शर्यत लावायची नाही, डोंगर चढून जायचा नाही, घड्याळ लावून वेळ मोजायची नाही. उडायचंय आणि नीट उतरायचंय. इतकं सरळ मागणं आहे, आणि गेला अख्खा हिवाळा त्यात गेला.

बरं, राहतो कुठे मी? व्हँकूव्हरला. फ्रीराइडचं माहेरच म्हणा ना. समोर नॉर्थ शोअरचे सायप्रेस, फ्रोम आणि सीमोर हे तीन डोंगर, जिथे लोकांनी ओल्या देवदाराच्या फळ्या ठोकून हातभर रुंदीचे पूल बांधले आणि त्यावरून सायकली घातल्या. प्रांताच्या आतल्या भागात कॅमलूप्सचे कोरडे उतार. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटात रॅम्पेज ही फ्रीराइडची मोठी स्पर्धा पहिल्यांदा झाली, ती इथल्याच वेड सिमन्सने जिंकली. व्हिसलरचा बाईक पार्क गाडीने दोन तासांवर. अशा गावात राहून मला दुकानात विचारतात, "फ्रीराइड म्हणजे एन्ड्युरोच ना?"

नाही! नाही रे बाबा!

हे एन्ड्युरो प्रकरण म्हणजे सगळ्या दुखण्यावर एकच गोळी. उड्या मारायच्यात? एन्ड्युरो घ्या. पार्कात जायचंय? एन्ड्युरो घ्या. उंची कमी आहे? एन्ड्युरो घ्या, लहान साईझ घ्या. आता ही एन्ड्युरो फ्रेम असते कशी बघा. हेड अँगल (पुढच्या फोर्कचा कल) ६३-६४ अंश, लार्ज साईझचा रीच (पेडलच्या धुरीपासून हँडलच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर) ४८० मिमीच्या आसपास, चेनस्टे (पेडलच्या धुरीपासून मागच्या अॅक्सलपर्यंत) ४४० च्या पुढे, दोन्हीकडे २९ इंची चाकं, एका अॅक्सलपासून दुसऱ्यापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास. ती बनवलीय शर्यतीसाठी. दगडधोंड्यांतून, मुळांतून सरळ रेषेत घुसायचं, चाक जमिनीला चिकटून राहिलं पाहिजे, सेकंद वाचले पाहिजेत. उत्तम यंत्र आहे, माझा त्याच्याशी काही वाद नाही. पण मला चाक जमिनीवरून सुटलेलं हवंय ना! मला मागची बाजू आखूड हवी, ४३० च्या घरात, म्हणजे उडीच्या तोंडाशी सायकल उचलता येते. मागे साडेसत्तावीस इंची चाक हवं, म्हणजे हवेत सायकल आडवी टाकली तर टायर ढुंगणाला घासत नाही. सीट अँगल किती उभा आहे याचं कौतुक मला सांगू नका. चढ मी लिफ्टमध्ये बसून चढतो!

मग ते दुसरं टोक दाखवतात. डाउनहिलची फ्रेम, मागे २०० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे धक्का बसला की चाक तेवढं वर दबतं. ही घेतली की उडीच्या चढावर तुम्ही जोर लावता आणि सगळा जोर सस्पेन्शन गिळून टाकतं. पुळणीवर उभं राहून उंच उडी मारून बघा, तसं. मग तिसरं टोक, स्लोपस्टाईलची फ्रेम. मागे १०० मिमी, २६ ची चाकं, उडी मारायला अप्रतिम, हवेत खेळण्यासारखी. पण ती बनवलीय गुळगुळीत, लाकूड-मातीच्या रचलेल्या उड्यांसाठी. ती घेऊन जुलै महिन्यात दुपारी ए-लाईनवर, म्हणजे व्हिसलरच्या प्रसिद्ध उड्यांच्या वाटेवर, उतरा. हजारो लोकांनी ब्रेक मारून मारून जे खड्डे पाडलेत, ते खालपर्यंत दात मोजून घेतात.

मला यांच्या मधलं हवंय. १६० ते १८० मिमी, आणि शेवटाकडे घट्ट होत जाणारं. हे घट्ट होत जाणं म्हणजे काय ते विकणाऱ्यांतल्या निम्म्यांना माहीत नसतं, म्हणून मीच सांगतो. लिंकेजचा (मागचं चाक आणि शॉक जोडणाऱ्या दांड्यांचा) लीव्हरेज रेशो, म्हणजे चाक किती हलल्यावर शॉक किती दबतो ते गुणोत्तर, सुरुवातीला तीनच्या आसपास असेल आणि ट्रॅव्हल संपेपर्यंत तो सव्वादोनवर येत असेल, तर शेवटी शॉक दाबायला जास्त ताकद लागते. उंचावरून सपाटीवर आदळलात तरी धाडकन तळ लागत नाही. हा आकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळपास तोच राहिला, तर कॉइल (स्प्रिंगचा) शॉक लावून उपयोग नाही, प्रत्येक चुकलेल्या उतरणीला तळ. हवेच्या शॉकमध्ये आतली जागा कमी करणारे स्पेसर टाकून थोडं भागवता येतं, पण ती फ्रेमची उणीव झाकणं झालं. म्हणजे फ्रेम निवडताना सगळ्यात आधी पाहिजे तो हा आलेख. तो कंपनीच्या पानावर असतो का? काही सज्जन देतात. बाकीच्यांकडे काय असतं, तर "खेळकर तरीही स्थिर", "चपळ तरीही आत्मविश्वास देणारी". लग्नाच्या जाहिरातीत स्थळाचं वर्णन वाचतोय का मी? आकडा द्या, आकडा!

आणि समजा आकडा मिळाला, फ्रेम आवडली, पैसेही जमवले. आता खरी मजा. माझ्याकडचं जुनं सामान एकदम ठणठणीत आहे. मागचा हब (चाकाचा मधला तुंबा) १५० मिमीचा, त्याची बेअरिंग लोण्यासारखी फिरतात. शॉक २२२ बाय ७० चा कॉइल. पुढचं चाक २० मिमी अॅक्सलचं. हे सगळं नव्या फ्रेमवर बसेल? शॉक तर विषयच नको. २०१६ मध्ये मेट्रिक मापं आली, २३० बाय ६५, २५० बाय ७५ वगैरे, आणि वर ट्रनियन नावाचा वेगळाच प्रकार. माझा शॉक आता कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवायचा.

हबचं ऐका. आधी १३५ होता. मग १४२ झाला. मग सहा मिलिमीटर वाढवून १४८ केला आणि नाव दिलं बूस्ट. डाउनहिलवाल्यांचा १५० आणि १५७ होताच, त्यात माझा १५० बाजूच्या टोप्या बदलून १५७ होतो, इथपर्यंत मी खूश. तेवढ्यात सुपर बूस्ट. त्याचंही माप १५७! अॅक्सलची रुंदी तीच, पण आतल्या स्पोकच्या कड्या आणखी बाहेर. म्हणजे आकडा तोच, वस्तू वेगळी. पुढेही तीच तऱ्हा. २० बाय ११० जुना वेगळा आणि २० बाय ११० बूस्ट वेगळा, डिस्कची जागाच सरकलेली. अरे, निदान आकडा तरी बदला! सहा मिलिमीटरने चाक जास्त मजबूत होतं म्हणता, होत असेल. मला एकही माणूस असा भेटला नाही की जो म्हणाला, काय सांगू, कालची उडी चुकली ती हब सहा मिलिमीटर अरुंद होता म्हणून.

केबलचं तर बोलूच नये, पण बोलतो. ज्या कुणा महाभागाने ब्रेकची नळी हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या) बेअरिंगमधून आत घालायचं ठरवलं, त्याला एकदा माझ्या गराजमध्ये पाठवा. एक वरचं बेअरिंग बदलायचं तर नळी सोडा, तेल सांडा, पुन्हा भरा, हवा काढा. आम्ही पडणारी माणसं आहोत हो. पडतो, हँडल गरकन फिरतं, बेअरिंगमध्ये चिखल जातो. आमच्या सामानाची दुरुस्ती दर आठवड्याला असते. बाहेरून एक साधी नळी, चार क्लिपा, एवढंच पुरे. पण नाही, दुकानाच्या भिंतीवर सायकल स्वच्छ दिसली पाहिजे ना!

आता पुन्हा मूळ मुद्द्यावर. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं सायकलींसाठी एक मानक आहे, एफ२०४३. त्यात वापरानुसार श्रेण्या आहेत. तिसरीत ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या, चौथीत १२२ पर्यंत, आणि पाचवी त्याच्या पुढची, म्हणजे डाउनहिल, फ्रीराइड, डर्ट जंप. आता ज्या फ्रेम मला "पार्कात धुमाकूळ घाला" म्हणून दाखवल्या जातात, त्यांतल्या कितीतरी चौथ्या श्रेणीच्या. १२२ सेंटिमीटर म्हणजे चार फूट. व्हिसलरला चार फूट कोणी मोजतही नाही! डबल क्राउन (हँडलच्या नळीला वर-खाली दोन ठिकाणी धरलेला, जास्त मजबूत) फोर्क चालेल का विचारावं तर "आम्ही शिफारस करत नाही". १८० चा सिंगल क्राउन? "१७० पर्यंत." अहो, मग फोटोत?

आणि "आजीवन वॉरंटी" या शब्दांवर विश्वास ठेवायचा तरी कसा? इथली, याच डोंगरांवर नाव कमावलेली रॉकी माउंटन २०२४ च्या डिसेंबरात धनकोंपासून संरक्षण मागायला कोर्टात गेली. कोना त्याच वर्षी विक्रीला निघाली, शेवटी मूळ संस्थापकांनीच परत घेतली. जर्मनीची वायटी २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. महासाथीत सगळ्यांनी वारेमाप सायकली बनवल्या, मग त्या गोदामात पडल्या. त्यांचं वाईट वाटतं, खरंच वाटतं, यांतल्या काही सायकली बघतच मी या वेडात पडलो. पण साडेतीन हजार डॉलर मोजताना मला हे बघावं लागतं की दोन वर्षांनी लिंकेजचा एक भाग मागायला दार तरी उघडं असेल का.

हे घरी सांगायची सोय नाही. बायको म्हणते, "अरे, नुसती फ्रेम? चाकंसुद्धा नाहीत?" आणि मंडळाच्या गणपतीत जेवताना एका काकांनी हिशोब करून सांगितलं की तेवढ्यात नाशकात नवी स्कूटर येते, तीही दोन. काका, येतात. कबूल.

गेल्या आठवड्यात एका कंपनीला तीन प्रश्न लिहून पाठवले. फ्रेम कोणत्या श्रेणीची, जास्तीत जास्त फोर्क किती, पार्कातल्या उड्यांत फुटली तर काय. उत्तर आलं: जवळच्या अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा. विक्रेत्याकडे गेलो. तो म्हणाला, हे कंपनीला मेल करून विचारा. मी फोनवर कंपनीचं उत्तर उघडून त्याच्या समोर धरलं. त्याने ते वाचलं, मान हलवली, आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "सर, तुम्ही ई-बाईक का नाही बघत?"