‘अंधारी दालने, रिकामे पिंजरे’ : आपल्या अभिप्रायास संग्रहालयातर्फे उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्रवासाची ठरलेली वाट सोडून आपण आमच्या छोट्या निसर्ग संग्रहालयात आणि त्याला जोडलेल्या प्राणी विभागात सहकुटुंब आलात आणि हिरमुसले होऊन परत गेलात, याचे मला मनापासून वाईट वाटले. पक्ष्यांच्या दालनात फलकही वाचता येऊ नयेत इतका अंधार होता, पेंढा भरलेले प्राणी रंग उडालेले होते, ‘खणच्या खण भरून जुनी अंडी’ कशासाठी ठेवली आहेत ते कळले नाही, निम्मे पिंजरे रिकामे दिसले, कर्मचारी मुलावर ओरडला आणि चाळीस मिनिटांत सगळे संपले, असे आपण लिहिले आहे. या संस्थेचा मालक मी आहे आणि रोज सकाळी दालनांची कुलपे मीच उघडतो, म्हणून उत्तरही मीच देतो आहे.

अंधाराची तक्रार आमच्याकडे सर्वाधिक येते. पिसे, केस, कागद यांसारख्या नाजूक वस्तूंवरील उजेडाची मर्यादा संग्रहालये साधारणपणे ५० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) धरतात. कार्यालयातल्या टेबलावर याच्या सहा ते दहापट उजेड असतो. उजेडाने गेलेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही आणि ही झीज रोज थोडीथोडी साठत जाते. आपल्याला खटकलेला ऊद, म्हणजे पाणमांजर, पुन्हा डोळ्यांसमोर आणून पाहा : त्याची उजवी कूस वाळलेल्या गवतासारखी पिवळट आहे आणि डावी अजून गडद तपकिरी. दालनाची खिडकी बंद करण्यापूर्वी तो अनेक वर्षे तिच्याशेजारी उभा होता. बाकीच्यांची तशी गत होऊ नये म्हणून दिवे मंद ठेवले आहेत आणि ते तसेच राहतील. मात्र दिवे मंद ठेवायचे तर अक्षरे मोठी हवीत, हे आमच्या आधीच ध्यानात यायला हवे होते. बारीक अक्षरांचे सर्व फलक आता उतरवले असून नवे मोठ्या टाइपात तयार होत आहेत. उन्हातून आत आल्यावर डोळे सरावायला काही मिनिटे लागतात, म्हणून दाराच्या आत एक बाकही ठेवला आहे.

आपल्या मुलाने दोरीखालून हात घालून पेंढा भरलेल्या अस्वलाला शिवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आमचा कर्मचारी ओरडला. तसे ओरडणे चुकीचे होते आणि त्याबद्दल मी आपली व मुलाची क्षमा मागतो. अडवणे मात्र आवश्यकच होते. कातडी किडीपासून वाचावी म्हणून अठराव्या शतकापासून विसाव्या शतकात बराच काळ तिला आतून सोमल (आर्सेनिक हे विष) असलेला साबण चोळत असत आणि तो सोमल अशा जुन्या प्राण्यांमध्ये आजही असू शकतो. हे तिथेच, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेले असते, तर ओरडण्याची वेळ आली नसती.

अंड्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. बहिरी ससाण्यांची संख्या झपाट्याने घटत होती आणि त्यांच्या घरट्यांत फुटलेली अंडी सापडत होती, तेव्हा डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश संशोधकाने संग्रहांतली जुनी अंडी तपासली आणि १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवचे पातळ होत गेल्याचे १९६७ साली दाखवून दिले. डीडीटीसारख्या कीटकनाशकांविरुद्धच्या पुराव्यात त्या कवचांना फार मोलाचे स्थान मिळाले. ती अंडी गोळा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कीटकनाशकांचा अभ्यास नव्हता. त्यांनी फक्त प्रत्येक अंड्यासोबत ठिकाण आणि तारीख लिहून ठेवली होती. आमच्या खणांतल्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्यांवरही तेवढेच आहे आणि त्या हरवल्या तर अंडी जवळजवळ निरुपयोगी होतील. लहान गावांतल्या अशा संग्रहांत एकाच परिसराची नोंद सलग सापडते, म्हणून मी त्यांना मोठ्या संग्रहालयांची दुय्यम आवृत्ती मानत नाही.

आता ‘रिकाम्या’ पिंजऱ्यांकडे वळतो. एकही पिंजरा रिकामा नव्हता. गव्हाणी घुबडे निशाचर असल्याने दुपारी खोक्यात झोपली होती. अजगराची मादी ओंडक्यामागे होती, कारण ती कात टाकण्याच्या बेतात होती. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात सुटण्यापूर्वी तो दुधाळ निळसर होतो. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो आडोसा धरतो. काचेवर टकटक केल्यास जमिनीतून जाणारा कंपही त्याला जाणवतो. प्राण्याला लपायला जागा देणे हे चांगल्या आवाराचे पहिले लक्षण आहे, असे माझे ठाम मत आहे. प्रवासात कुठेही एखादे रानटी जनावर दिवसभर उघड्यावर बसवलेले किंवा छायाचित्रासाठी हातात दिले जाताना दिसले, तर तिथे तिकीट काढण्यापूर्वी कृपया विचार करावा. कासवांना हात लावू न देण्याचे कारण त्याहून साधे आहे : त्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि लहान मुलांना ते अधिक बाधतात.

तरीही, कोणता प्राणी त्या दिवशी दिसण्याची शक्यता कमी आहे, हे आम्ही तिकीट खिडकीवरच सांगायला हवे होते. पैसे घेतल्यानंतर कळले, ही आपली तक्रार रास्त आहे. आता तिथे रोज सकाळी फळा लिहिला जातो आणि आपण तिकीट क्रमांक कळवल्यास प्रवेशशुल्क परत केले जाईल.

आपली मुलगी अजगराच्या काचेसमोर सर्वांत जास्त वेळ थांबली होती, असे आपण लिहिले आहे. पुढच्याच आठवड्यात अजगराने सबंध कात टाकली. ती आम्ही वाळवून ठेवली आहे आणि तिच्या तोंडाकडच्या भागावर डोळ्यांचे दोन्ही गोल, स्वच्छ खवले शाबूत आहेत. आपण पुन्हा त्या वाटेने आलात, तर खण उघडून मी ते तिला स्वतः दाखवीन.

कळावे,
आपला विश्वासू,
संग्रहालयाचा मालक व व्यवस्थापक