श्रोत्यांच्या आग्रहाखातर

सार्वजनिक रेडिओ केंद्राचे कार्यक्रमप्रमुख झालात, अभिनंदन. खुर्ची जरा गरम झाली की वेळापत्रक मागवा आणि ते बदलून टाका. कशासाठी, हे विचारू नका. होतं तसं चालू ठेवणाऱ्या प्रमुखाचं नाव आजवर कुणाच्या लक्षात राहिलंय? बदलणाऱ्याच्या नावाने मात्र लोक वर्षानुवर्षं बोटं मोडतात.

आधी एक पाहणी करून घ्या. तिच्यात रेडिओ ऐकणाऱ्यांना काही विचारायचं नाही, ते ऐकतातच आहेत. जे कधीच ऐकत नाहीत त्यांना गाठा आणि ‘काय लावलं तर ऐकाल?’ असं विचारा. माणसं भिडेखातर काहीतरी सांगतात. ते लिहून घ्या, तेच तुमचं नवं धोरण.

आता खरं कौशल्य. नकोसा कार्यक्रम बंद करायचा नसतो, हलवायचा असतो. बंद केला की पत्रं येतात, अग्रलेख येतात, एखादे ज्येष्ठ साहित्यिक उपोषणाची भाषा करतात. हलवला तर फार तर कुरकुर होते. संध्याकाळचा शास्त्रीय संगीताचा तास रात्री अकराला न्या. सहा महिन्यांत लोकांना नवी वेळ अंगवळणी पडत आली की तो पहाटे पाचला टाका. मग आकडे मागवा. पहाटे पाचला कुणी ऐकत नाही हे कागदावर आलं की संपलं. तुम्ही त्याला मारलं असं कुणी म्हणू शकत नाही. तो आपल्या मरणाने मेला.

हे इतकं सहज जमतं, कारण रेडिओ कुणी समोर बसून ऐकत नाही. तो कामाच्या मागे चालू असतो. अमुक धून लागली की उठायचं, बातम्या संपल्या की बाहेर पडायचं, असा दिवस त्याच्यावर बेतलेला असतो आणि घड्याळाकडे बघायची गरज उरलेली नसते. अहवालात याला ‘साचलेपणा’ म्हणा.

तुमच्या आधी या वाटेने गेलेल्या थोरांचा अभ्यासही हवा. बीबीसीच्या रेडिओ फोरने 2006 साली पहाटे साडेपाचला वाजणारी ‘यूके थीम’ ही धून काढून तिथे बातम्या आणल्या. धून जेमतेम पाच मिनिटांची, 1978 पासून चालत आलेली. त्या वेळी जागं कोण असतं म्हणाल, तर प्रकरण थेट ब्रिटिश संसदेत ठराव मांडण्यापर्यंत गेलं. रेडिओ फोरचे प्रमुख (कंट्रोलर) मार्क डेमेझर हलले नाहीत. धून गेली ती गेली. याच रेडिओ फोरवर जेम्स बॉइल यांनी 1998 मध्ये सगळं वेळापत्रक ढवळून काढलं, तेव्हा संसदेच्या कामकाजाचा वृत्तान्त एफएमवरून उचलून लाँगवेव्ह या जुन्या, खरखरणाऱ्या लहरींवर टाकला. खासदार खवळले. एकवेळ गृहिणी, म्हातारे, आजारी, रात्रपाळीवाले, कुणालाही हलवा. पण ज्यांना स्वतःचाच आवाज ऐकायला आवडतो त्यांना हलवू नका.

आपल्याकडचं उदाहरण मात्र अहवालात घालू नका. 1952 मध्ये नभोवाणी खातं बा. वि. केसकरांकडे आलं आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. हेतू शुद्ध होता, लोकांची अभिरुची सुधारायची होती. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. अभिरुचीचं पुढे काय झालं ते झालं, सिलोनचं मात्र भलं झालं. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्याच्या हातात काटा असतो, हे एवढं ढळढळीतपणे मांडणारी गोष्ट वरिष्ठांपुढे कशाला न्यायची?

निवेदक बदलायचा असेल तर त्याच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव तोंडावर आलेला बघा. अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओने 2004 मध्ये बॉब एडवर्ड्‌स यांना ‘मॉर्निंग एडिशन’ या बातम्यांच्या कार्यक्रमावरून दूर केलं, 1979 पासून ते सकाळी बोलत होते, पंचविसावं वर्ष पुरं व्हायला काही महिनेच उरले होते. निषेधाची हजारो पत्रं आली आणि एडवर्ड्‌स उपग्रह रेडिओवर गेले. तिथली केंद्रं बऱ्याच अंशी श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतात. तुमचंही तसंच असेल, तर देणगीची मोहीम आधी उरकून घ्या आणि वेळापत्रक नंतर जाहीर करा. हा क्रम चुकवू नका.

घोषणा शुक्रवारी संध्याकाळी करावी. ‘श्रोत्यांच्या आग्रहाखातर’ हे शब्द त्यात हवेतच. कोणत्या श्रोत्यांच्या, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. जुना कार्यक्रम ॲपवर केव्हाही ऐकता येईल, हेही सांगा. ज्यांना दिसत नाही, ज्यांच्याकडे साधा रेडिओच आहे, त्यांचे फोन येतील. त्यांना ॲप डाउनलोड कसं करायचं ते समजावून सांगायला नम्र आवाजाचा माणूस बसवा.

केंद्राच्या वेबसाइटवर जुनंच वेळापत्रक राहू द्या. कुणी फोन करून वेळ विचारली की ऑपरेटरने तेच वाचून दाखवावं. श्रोता त्या वेळेला रेडिओ लावेल, भलताच कार्यक्रम ऐकेल, आणि पाहणीत तो त्या कार्यक्रमाचा नवा श्रोता म्हणून मोजला जाईल.