दीर्घ वेलांटीचा युरो

सोमवारी सकाळी आठ एकतीसला साहेबांचं उत्तर आलं, तेही सगळ्यांना. "हे काय आहे?" एवढंच. खाली चार ओळींची सही, आणि सहीखाली झाडं वाचवण्याची हिरवी विनंती. मेलवर चौदा जण होते, त्यांतले दोन क्लायंटकडचे.

आमच्याकडे शाळेच्या मराठी धड्यांचे व्हिडिओ तयार होतात. कुठला धडा कुणाकडे, रेकॉर्डिंग झालं का, वेळ किती लागला, हे सगळं एका प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. ते घेताना विकणारा म्हणाला होता की आता एक्सेलचं नाव काढायची गरज नाही. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं, "हे एक्सेलमध्ये मिळेल का? दर सोमवारी, आपोआप?" कुणीतरी म्हणालं, "दोन मिनिटांचं काम आहे." ते म्हणणारा मी नव्हतो. ज्याला करायचं नसतं, त्याच्याच हिशेबाने काम दोन मिनिटांचं असतं.

त्या सोमवारी साडेआठला हाच रिपोर्ट गेला, तो सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. फाइलवर डबल क्लिक केलं की स्प्रेडशीट उघडते आणि सगळ्या मराठीची माती होते. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्या पुढे चार कोपऱ्यांना पाय फुटलेलं वर्तुळ, त्याच्या पुढे आणखी काहीतरी, पुन्हा तोच ए. कारण साधं आहे. यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायची आजची पद्धत, तिच्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं. उघडणाऱ्या प्रोग्रामला कुणी हे सांगितलं नाही, तर तो जुन्या सवयीने विंडोज-१२५२ नावाचा तक्ता काढतो, त्यात एका बाइटला एक चिन्ह. म्हणजे एका अक्षराची तीन शकलं. फाइलमध्ये मराठी शाबूत असते, बिघडलेलं असतं फक्त वाचन. पण हे चौदा जणांना कोण सांगणार? मी 'दुरुस्त करून पाठवतो' असं लिहीत होतो, तेवढ्यात अकाउंट्समधले काका टेबलापाशी आले. झाडांची विनंती डावलून त्यांनी त्या शीटचं प्रिंट काढलं होतं.

"हे कुणी लिहिलंय?"

"कुणी नाही काका, फाइल चुकीची उघडली गेलीय. दहा मिनिटांत नीट करतो."

"थांब, हात लावू नकोस. लागतंय मला."

"काय लागतंय?"

"अक्षर."

काकांनी मोडीचा वर्ग केला आहे, हे ऑफिसात सर्वांना माहीत आहे, कारण ते सांगतात. घरच्या जमिनीचे कागद वाचायला म्हणून शिकले आणि मग थांबलेच नाहीत. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या टेबलाचा कोपरा ताब्यात घेतला.

"हा रेघवाला ए आणि हे पायवालं वर्तुळ सोडून द्यायचं. ती नुसती भरती आहे, मोडीत आधी डोक्यावरची ओळ आखून घेतात तशी. खरं अक्षर तिसरं. आता ही पहिली रकाना-पट्टी. इथे तू काय लिहितोस?"

"काम."

"ठिपका, पाऊण, आणि वर्तुळातला आर. म्हणजे ठिपका हा क. काना म्हणजे पाऊण. आणि म म्हणजे वर्तुळातला आर, ते कंपन्या नावापुढे लावतात तो. मराठीतला म रजिस्टर्ड आहे, ठाऊक होतं तुला?"

नव्हतं. पण बरोबर होतं. मी तक्ता उघडून ताडून पाहिलं, एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

"आणि हे वर्तुळ पाहिलंस? पाय फुटलेलं? हे चलनाचं चिन्ह आहे. कुठल्याच देशाचं नाही, नुसतं चलन. ओळीओळीत पैसा आहे बघ." इथून अकाउंटंट जागा झाला. "हा गणिताचा धडा. आडवी रेघ, पौंड, उलटं प्रश्नचिन्ह, आणि मग पुन्हा तेच चलन. ग-ण-ि-त. ण म्हणजे पौंड! आणि ढ शोधला मी. ढ म्हणजे सेंट. ढ ला सेंट, ण ला पौंड. किंमत बरोबर लावलीय."

"काका, साहेब वाट बघतायत."

"बघू देत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, ही मोडीची मोठी सोय. इथे मात्र काटेकोर आहे. ऱ्हस्व वेलांटीला उलटं प्रश्नचिन्ह. दीर्घ वेलांटीला काय, सांग?"

"काय?"

"येन आणि युरो. दोन्ही." त्यांनी प्रिंटवर गोल केला. "रोज रेकॉर्डिंगवाली पोरं दीर्घ वेलांटी द्यायची तिथे ऱ्हस्व देतात, मी ओरडतो, कुणी ऐकत नाही. प्रत्येक चुकीला एक युरो जातोय. दाखव त्यांना. आणि हे बघ, ल चा वर्ग, ळ चा घन. ळ ला ल पेक्षा वरचा मान. करणारा मराठी असणार."

करणारा मराठी नसणार, हे मी बोललो नाही. वादात अर्धा तास गेला असता, आणि मला तो तीन बाइटमध्ये घालवायचा होता. कारण उपाय तेवढाच आहे. फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाची तीन बाइटची खूण टाकली की स्प्रेडशीटला कळतं, पुढे यूटीएफ-८ आहे. चांगल्या सॉफ्टवेअरात एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये त्याची चौकट असते, 'यूटीएफ-८ विथ बीओएम'. आमच्यात ती 'ॲडव्हान्स्ड' नावाच्या घडीत लपवलेली आहे आणि मुळात रिकामी असते. ती नसेल तर फाइल डबल क्लिकने उघडायचीच नाही. कोरी शीट उघडायची, 'डेटा' टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये '६५००१ : यूनिकोड (यूटीएफ-८)' निवडायचं. चौदा जणांना दर सोमवारी हे करा म्हणून सांगून बघा.

बरं, चौकटीत खूण केली की सुटलात असंही नाही. तीच फाइल एखादी स्क्रिप्ट वाचत असेल तर तिला ती तीन बाइट पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटलेली दिसतात, आणि 'काम नावाचा रकाना सापडला नाही' अशी ती रडते. रकाना डोळ्यांसमोर असतो. त्यामुळे माणसांसाठी एक रिपोर्ट, यंत्रासाठी दुसरा. दोन मिनिटांची चार झाली.

त्यात आमचे धड्यांचे कोड. तिसरा धडा, दुसरा भाग : ३-२. स्प्रेडशीटला त्यात ३ फेब्रुवारी दिसते. रकाना नंतर 'टेक्स्ट' केला तर आणखी गंमत, तारीख जाऊन तिच्या पोटातला आकडा बाहेर येतो, कारण आत तारखा १९०० पासूनच्या दिवसांत मोजलेल्या असतात. १ जानेवारी २०२६ म्हणजे ४६,०२३. मूळचं ३-२ तोपर्यंत कायमचं गेलेलं असतं. हे थोरामोठ्यांनाही चुकलेलं नाही. माणसाच्या जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये मार्च-१ चं मार्चएफ-१ आणि सेप्ट-१ चं सेप्टिन-१ केलं, कारण शास्त्रज्ञांच्या शीटमध्ये जनुकांचे महिने होत होते. एक्सेल ऐकेना, म्हणून मनुष्यजातीने आपल्या जनुकांची नावं बदलली. हे रूपांतर बंद करायचा पर्याय एक्सेलमध्ये आला २०२३ मध्ये. आम्ही कोडच्या आधी 'ध' लावला. जनुकांपेक्षा स्वस्तात सुटलो.

काका अजून तिथेच होते. आता वेळेच्या रकान्यावर. "शेपटीवाला यू, दोन दांड्यांचा खंजीर, आणि घन. वेळ. खाली आकडा अठ्ठावीस हजार आठशे. एका दिवसाचे?"

"सेकंद आहेत काका. आठ तासांचे."

"मी तासाच्या दराने गुणलं."

"कुणाला पाठवलं नाहीत ना?"

काकांनी प्रिंट दुसऱ्या हातात घेतलं आणि खिडकीबाहेर पाहिलं.

सॉफ्टवेअर पडद्यावर '८ तास' दाखवतं आणि फाइलमध्ये सेकंद ओततं. ३,६०० ने भागा, तास मिळतील. ८६,४०० ने भागून तास-मिनिटांचं रूप दिलंत तर बेरजेत फसाल : आठवड्याचे ४० तास १६:०० दिसतात, कारण चोवीस झाले की घड्याळ शून्यावर येतं. तासाच्या खुणेला चौकोनी कंस घातला की ४०:०० दिसतात. एवढ्याशा कंसासाठी मागच्या महिन्यात एका मुलीला मीटिंगमध्ये "आठवड्यात सोळाच तास?" असं विचारलं गेलं. विचारणाऱ्याने नंतर सॉरी म्हटलं नाही. हे मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही.

रिपोर्टची वेळ लावणं तर वेगळंच. सोमवारी नऊ असं निवडलं, आला दुपारी अडीचला, कारण घड्याळ यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं, आणि आपण साडेपाच तास पुढे. नऊला हवा तर साडेतीन निवडायला हवं. यादीत फक्त पूर्ण तास आहेत. तीन निवडा, साडेआठ. चार निवडा, साडेनऊ. मीटिंग नऊची. आपल्या त्या अर्ध्या तासाची पत्रास यादी करणाऱ्याने ठेवलेलीच नाही. शिवाय 'गेला आठवडा' या गाळणीत आठवडा रविवारी सुरू होतो की सोमवारी, ते तिसऱ्याच पानावर ठरतं.

आणि सगळ्यात वाईट ते, जे बिघडल्याचं दिसत नाही. आमची कामं बाराशेच्या वर गेली, फाइलमध्ये बरोबर हजार. ना लाल खूण, ना सूचना, बेरीज तेवढी सुंदर. एका वेळी हजारच ओळी द्यायच्या असं कुठेतरी ठरलेलं असतं. २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून असेच गळाल्याचं उघड झालं होतं. फाइल जुन्या साच्याची, तिच्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नाही. नव्या साच्यात १०,४८,५७६ मावतात. म्हणून फाइल आली की आधी ओळी मोजायच्या आणि सॉफ्टवेअरच्या पडद्यावरच्या आकड्याशी जुळवायच्या. हजार, पाच हजार असा गोल आकडा दिसला की संशय घ्यायचा आणि तारखांनी तुकडे पाडून पुन्हा काढायचं.

रिपोर्ट धावतो तो लावणाऱ्याच्या परवानगीने. त्याला जे प्रोजेक्ट दिसत नाही, ते कुणालाच मिळत नाही. तो नोकरी सोडून गेला आणि त्याचं खातं बंद झालं की सोमवारी काहीच येत नाही, आणि तीन आठवडे कुणाच्या लक्षातही येत नाही. मला विचाराल तर खरं दुखणं हे आहे. 'हे काय आहे?' विचारायला एकतीसावं मिनिट पुरतं. रिपोर्ट नीट गेला तेव्हा मात्र चौदांतला एकही जण पहिल्या रकान्यापुढे गेलेला नसतो.

सव्वादहाला दुरुस्त फाइल पाठवली. साहेबांचं उत्तर : अंगठा.

काका दुपारी पुन्हा आले. हातात रेघा मारलेला कागद, त्यावर अख्खी मुळाक्षरं आणि प्रत्येकापुढे त्याचं चिन्ह, शिसपेन्सिलीने, मोडीच्या तक्त्यासारखी सुबक. वॉटर कूलरच्या वर लावायचा म्हणाले. काही घरं रिकामी होती, त्यांतलं एक झ चं.

"झ सापडेना. तुझ्या कामांत झ च नाही. पुढच्या सोमवारी एखादं झ चं काम घाल, आणि ती तुझी चौकट तेवढी काढून ठेव."

विंडोज-१२५२ मध्ये पाच घरांना चिन्हच दिलेलं नाही. झ चा तिसरा बाइट नेमका त्यांतल्याच एका घरात पडतो. मी काकांना ते सांगितलं नाही. पुढच्या सोमवारसाठी 'झाडझूड' नावाचं काम उघडलं, काकांच्या नावावर. अंदाजे वेळ : २८,८००.