नॉर्वेजियन जोडशब्द ‘तोडा आणि सरळ वाचा’? तसं नसतं ते

नॉर्वेला निघालेल्या मराठी मंडळींना एक सल्ला हमखास मिळतो. त्याचा सारांश असा : नॉर्वेजियन लिहितात तशीच वाचतात, मराठी लोकांना सोपं जातं. लांबलचक शब्द आला तर घाबरू नका. स्वर मोजा, मधलं व्यंजन पुढच्या स्वराला जोडा आणि सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणा. शब्द जोडून लिहा की सुटे, फरक पडत नाही. अडलंच तर छापील पुस्तकात ओळीच्या शेवटी शब्द कुठे तुटलाय ते बघा, उच्चारही तिथेच तुटतो.

सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य माणसाला तोंडघशी पाडणारं आहे.

‘लिहितात तशीच वाचतात’ हे पहिल्याच धड्यात कोसळतं. ‘मी’साठी लिहायचं ‘जेग’, म्हणायचं ‘यै’. ‘ते’साठी लिहायचं ‘देत’, म्हणायचं ‘दे’. देश म्हणजे ‘लांड’, पण बोलताना शेवटचा ड गायब, नुसतं ‘लान’. शिवाय लिहितात तशी म्हणजे कुठली? बूकमोल आणि न्यूनोर्स्क या दोन लेखनपद्धतींना 1885 पासून अधिकृत बरोबरीचा दर्जा आहे, आणि बोलण्याची अधिकृत प्रमाण पद्धत तर ठरवलेलीच नाही. लोक आपापल्या बोलीत बोलतात, संसदेतसुद्धा.

आता मुख्य घोळ : स्वर मोजून तोडणे. नॉर्वेजियनमध्ये जोडशब्द सलग लिहितात, मध्ये जागा नाही आणि सहसा जोडरेघही नाही. त्यामुळे आधी घटक ओळखावे लागतात, अक्षरं पाडायची ती नंतर. ‘देशभर प्रसिद्ध’ या अर्थाचा ‘लान्सह्येन्त’ हा शब्द घ्या. लिहिताना मध्ये एस, के, जे ही तीन अक्षरं ओळीने येतात. नॉर्वेजियनमध्ये हे त्रिकूट एका घटकात आलं की त्याचा उच्चार ‘श’, हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. म्हणून नवखा माणूस बेधडक ‘लान-शेन्त’ वाचतो. पण इथला एस हा पहिल्या घटकाला चिकटलेला सांधा आहे आणि के-जे दुसऱ्या घटकाचे. के-जेचा उच्चार ‘ह्य’ आणि ‘श’ यांच्या मधला, टाळूला घासून येणारा. म्हणजे लान्स + ह्येन्त. गळ्यातल्या साखळीचा शब्द तर याहून धोकादायक. तो आहे ‘हाल्स-ह्येदे’. हाल्स म्हणजे गळा. चुकीच्या जागी तोडून ‘हाल-शेदे’ म्हटलंत तर उरलेल्या ‘शेदे’चा एक अर्थ म्यान, आणि दुसरा शरीरशास्त्राच्या पुस्तकातला. सराफाच्या दुकानात हा प्रयोग करू नये. (तरुण पिढीत ‘ह्य’सुद्धा ‘श’कडे झुकलाय आणि त्यावर जुनी मंडळी नाकं मुरडतात. पण ती पोरंदेखील आधी ‘हाल्स’मधला स वाजवतात, मगच पुढे जातात.)

खरं तर मराठी माणसाला हे नवं नाही. ‘बालकवी’ वाचताना आपण ‘बालक-वी’ म्हणत नाही. घटक ठाऊक असतात म्हणून जीभ योग्य जागी थांबते.

पण सांधा म्हणजे भिंतही नव्हे. ओस्लोच्या बाजूला र नंतर त, द, न, ल किंवा स आला की दोन्ही मिळून एक मूर्धन्य (आपल्या ट, ड, ण च्या जातीचा) ध्वनी होतो, आणि तो घटकांच्या सीमेवरूनही होतो. नॉर्वेच्या संसदेचं नाव ‘स्तूर’ म्हणजे मोठा आणि ‘तिंग’ म्हणजे सभा यांतून बनलंय; ऐकू येतं मात्र ‘स्तूटिंग’. बालवाडीला लिहितात ‘बार्नेहागे’, म्हणतात ‘बाणेहागे’, त्यातला ण अगदी आपला. म्हणजे एस-के-जेच्या बाबतीत सीमा पाळायची आणि र-त च्या बाबतीत ओलांडायची. ‘मराठी लोकांना सोपं जातं’ यात तथ्य असेल तर ते एवढंच, की ट, ड, ण आपल्या तोंडात बसलेले आहेत. इंग्रजी बोलणाऱ्यांना त्यासाठी घाम गाळावा लागतो. मात्र बर्गेनला गेलात तर हा फायदाही गेला. तिथला र घशातून येतो आणि मूर्धन्य ध्वनी तयारच होत नाहीत.

‘सगळी अक्षरं सारख्या वजनाने’ हा सल्ला मराठी कानाला पटतो, कारण आपल्याकडे आघाताने अर्थ फारसा बदलत नाही. नॉर्वेजियन जोडशब्दात मुख्य आघात एकच, बहुतेक वेळा पहिल्या घटकावर. दुसऱ्या घटकाला दुय्यम आघात मिळतो आणि बाकीची अक्षरं आकसतात. अपवाद आहेत : ‘दीड’ या अर्थाच्या ‘हालआन्न’ मध्ये जोर दुसऱ्या घटकावर पडतो. आघाताशिवाय सूर आहेच. शेतकरी (अनेकवचन) आणि घेवड्याच्या बिया, दोन्हींना ‘बोन्नेर’च म्हणतात, ओठ गोल करून. ओस्लोत शेतकऱ्यांचा सूर खालून वर चढतो; बियांचा वरून उतरून पुन्हा चढतो. जोडशब्दाला यातला कुठला सूर मिळणार हे तिथे मुख्यतः पहिल्या घटकावर ठरतं. शेजारच्या स्टॉकहोममध्ये जवळपास सगळ्याच जोडशब्दांना दुसरा सूर देऊन प्रश्न मिटवलाय. नॉर्वेच्या पश्चिमेला चाल जवळजवळ उलटी, आणि उत्तरेकडच्या व बर्गेनच्या आसपासच्या काही बोलींत हा भेदच नाही. त्यामुळे सूर चुकला तर आभाळ कोसळत नाही. आघात चुकला, तर मात्र समोरचा ‘काय?’ म्हणून विचारतो.

‘जोडून लिहा की सुटे’ याचं उत्तर कुठलाही नॉर्वेजियन शाळकरी मुलगा हसत देईल. ‘लामेलोर’ एकत्र लिहिलं तर कोकराची मांडी, जेवणाच्या ताटातली. ‘लामे लोर’ सुटं लिहिलं की लुळ्या मांड्या. 2004 च्या 1 जूनपासून तिथल्या हॉटेलांत आणि बारमध्ये धूम्रपानाला बंदी आहे. ‘धूरमुक्त’साठी शब्द आहे ‘रॉइकफ्रित’. तो दारावरच्या पाटीवर तोडून लिहिला तर वाचणाऱ्याला आज्ञा मिळते : खुशाल ओढा! बोलताना गोंधळ होत नाही, कारण जोडशब्दात मुख्य आघात एक असतो आणि सुट्या शब्दांत दोन. लिहिताना ते काम रिकामी जागा करते.

राहिला ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द. साध्या शब्दांसाठी दोन पद्धती मान्य आहेत. ‘घोडा’ (तो ठरावीक घोडा) या अर्थाचा ‘हेस्तेन’ कोणी ‘हेस-तेन’ तोडतं, कोणी मूळ शब्द राखून ‘हेस्त-एन’. उच्चार मात्र एकच. मग रेघ बघून काय कळलं? रात्रीच्या गाडीचा शब्द तर गंमत आहे. ‘नात्त’ आणि ‘तोग’ मिळून तीन टी व्हायला हवेत, पण एरवी दोनच लिहितात. ओळीच्या शेवटी तुटला की तिसरा टी परत येतो. तो छपाईचा नियम आहे, जिभेला त्याचं सोयरसुतक नाही.

जोडशब्दात रेघ सांध्यावर पडली तर ती उपयोगी असते, हे मान्य. ‘मेनेस्केरेत्तिहेत्सओर्गानिसाशूनेने’ म्हणजे ‘मानवाधिकार संघटना’, 33 रोमन अक्षरांचा शब्द. स्वर मोजून तोडला तर मध्ये ‘त्सो’ असा तुकडा निघतो. तो नॉर्वेजियनमध्ये कशाचाच नाही : त आहे ‘हक्क’ या शब्दाचा, स सांध्याचा आणि ओ ‘संघटने’चा. मेनेस्के, रेत्तिहेत्स, ओर्गानिसाशूनेने असे तीन तुकडे करा. ठसका पहिल्या ‘मे’वर द्या आणि ‘शू’वर थोडा कमी. पहिल्या खेपेला दम लागेल, तो नॉर्वेजियन माणसालाही लागतो.