रफ मिक्स होतं ते!

"ताई, गाणं तर रफवरच लागलं ना? मग फायनलचे पैसे कशाचे?"

ज्यांचं गाणं मी केलं त्यांच्याकडून आज सकाळी साडेदहाला फोनवर हे ऐकलं, तेव्हापासून डोकं ठणकतंय. रफ म्हणजे नुसतं दाखवायला पाठवलेलं कच्चं मिक्स. दिवसभरात एकाही गाण्याचं सेशन उघडलेलं नाही. नाशिकच्या इंदिरानगरातल्या या दहा बाय बाराच्या खोलीत बसून सकाळपासून तेच वाक्य मनात घोळवतेय आणि दर वेळी तितकाच संताप येतोय.

ठरलं होतं ते अगदी साधं. नवरात्रासाठी सप्तशृंगीचं गाणं. अरेंजमेंट, मिक्स (सगळे आवाज एकत्र बसवणं), मास्टर (त्यावरचा शेवटचा हात) मिळून १५,००० रुपये, निम्मे आधी, निम्मे फायनलच्या वेळी. गायक यांचा मावसभाऊ. "डबिंग घरीच केलंय ताई, तुम्ही फक्त आवाज बसवून द्या." त्या 'फक्त'ची मला चीड आहे, पण ते असो. घरी म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, मोबाइलवर, डोक्यावर पंखा गरगरत ठेवून. मूळ फाइल मागितली तर म्हणे डिलीट झाली, व्हॉट्सॲपवर आहे तीच घ्या. घेतली. देवीचं गाणं, पोराचा गळा खरंच चांगला, चाल गोड. नाही म्हणवलं नाही.

काम घेतल्यापासून नवव्या दिवशी मी रफ पाठवलं. १२८ची, म्हणजे हलक्या दर्जाची एमपीथ्री. नावातच 'रफ' लिहिलेलं. सोबत मेसेज: फक्त अंतऱ्यांची लांबी आणि म्युझिकचे पीस बघून घ्या, साउंडकडे आत्ता बघू नका. फोन करूनही सांगितलं. ते "हो ताई, हो ताई" म्हणाले. त्यात कोरसच्या जागी माझाच आवाज होता, चारही ओळींना, गुणगुणल्यासारखा, पोरींचं रेकॉर्डिंग व्हायचं होतं म्हणून. सुरुवातीला क्लिकचे, म्हणजे ताल धरायला टाकलेल्या टकटकीचे, चार ठोके तसेच होते. संबळ प्रोग्राम केलेला, हार्मोनियमही. आणि दुसऱ्या अंतऱ्यात, 'आई' शब्द लांबवलाय तिथे, २ मिनिटं ११व्या सेकंदाला कुकरची शिट्टी.

ही शिट्टी मी विसरू शकत नाही, कारण तिच्यावर माझी एक अख्खी रात्र गेलीय. ती बरोबर तीन-साडेतीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात येत होती, जिथे माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो आणि गळ्याची धारही तिथेच असते. ईक्यूने, म्हणजे तो पट्टाच कमी करून दाबली तर पोराचा आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा. मग स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या आवाजाच्या चित्रात, रेघ रेघ पकडून, गळ्याचे हार्मोनिक्स (वरचे उपस्वर) सांभाळत, पुसत बसले. पहाटे चारला झालं. हेडफोनवर तीनदा, मॉनिटरवर (स्टुडिओच्या स्पीकरवर) तीनदा, मग मोबाइलच्या स्पीकरवर. शिट्टी गेली होती आणि 'आई' जिवंत होतं. त्या क्षणी मला जो आनंद झाला ना, त्यासाठीच मी हे काम करते.

पुढे खरा संबळ वाजवून घेतला, पंचवटीतल्या एका गोंधळ्यांकडून, त्यांचे पैसे मी माझ्या खिशातून दिले. कोरसला तीन पोरी आणल्या. संबळाच्या दोन माइकचे आवाज एकमेकांना खाऊ नयेत म्हणून त्यांची फेज जुळवली, पंख्याची घरघर काढली, शब्दाशब्दाला आवाज वरखाली केला म्हणजे झांजेखाली एक अक्षर बुडू नये. मास्टर केलं. मेसेज टाकला: फायनल तयार आहे, बाकी ७,५०० आले की पूर्ण दर्जाची २४ बिट वेव्ह फाइल पाठवते.

दोन दिवस उत्तर नाही. घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी मला लिंक आली, तीही त्यांच्याकडून नाही, माझ्या मावशीकडून. "तुझं गाणं आलं बघ, तुझं नाव आहे खाली."

लावलं. टक, टक, टक, टक. क्लिक.

मी उभीच राहिले. मोबाइलचं रफ, जसंच्या तसं, ड्रोनने घेतलेल्या डोंगराच्या शॉटवर. कोरसमध्ये माझं गुणगुणणं. आणि २ मिनिटं ११व्या सेकंदाला, गडाच्या पायऱ्या चढणाऱ्या भाविकांवर, शिट्टी. खाली माझं पूर्ण नाव: मिक्सिंग अँड मास्टरिंग. मास्टरिंग! बाकीची गाणी उणे १४ लफ्सच्या (आवाजाच्या पातळीचं माप) आसपास वाजतात तिथे हे उणे २१ला रडतंय. कमेंटमध्ये लोक लिहितात, चाल छान पण साउंड भंगार. एकाने लिहिलंय, मिक्सिंगवाल्याला आधी शिकायला पाठवा. चाळीस लाइक आहेत त्याला. त्या माणसावर मी चिडूही शकत नाही. बरोबर लिहिलंय त्याने.

फोन केला. पहिलं उत्तर: "अहो ताई, घाई होती, घटस्थापना चुकली असती." फायनल तयार होतं, दोन दिवस आधी सांगितलं होतं. दुसरं उत्तर: "लोकांना काय कळतंय एवढं?" मी म्हटलं, व्हिडिओ काढा, फायनल टाका. "आता ऐंशी हजार व्ह्यूज झालेत, काढणार कसा?" आणि त्याच लिंकवर जुनी फाइल काढून फायनल बसवता येत नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणजे ती शिट्टी आता कायमची. घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत वणीच्या रस्त्यावर पायी जाणाऱ्यांच्या मोबाइलवर तीच वाजणार, पुढच्या चैत्रात पुन्हा वाजणार, आणि खाली माझं नाव.

नवरात्र होईपर्यंत गप्प बसले. आज सकाळी पैशांसाठी फोन केला तर हे. रफवरच लागलं ना. म्हणजे माझ्याच कच्च्या फाइलने माझीच मजुरी कापायची! शिंप्याकडून कच्ची टीप घातलेला ब्लाउज उचलून न्यायचा, लग्नात घालून मिरवायचा, आणि मग म्हणायचं की शिलाई कशाची?

वर पुढचं: "देवीचं काम आहे ताई, सेवा समजा. आणि तुम्ही तर बहिणीसारख्या." ड्रोनवाल्याला त्याच दिवशी रोख ८,००० दिलेत यांनी, त्याने मला स्वतः सांगितलं. कॅमेरावाल्याला दिलेत. एडिटिंगवाल्याला दिलेत. थंबनेल करणाऱ्या पोराला दिलेत. देवीची सेवा तेवढी एका कानवाल्या बाईने करायची. दिसतं त्याचे पैसे रोख आणि ऐकू येतं त्याचे बहिणीच्या नात्यावर.

बहीण! दरवाजा उघडल्यावर "साउंडवाले सर आहेत का?" विचारणाऱ्यांचं मी सोडून दिलं होतं, पण आज सगळं आठवतंय. ढोल पथकाचं रेकॉर्डिंग होतं तेव्हा तासभर माइक मी लावले, केबल मी ओढल्या, आणि सूचना मात्र सगळे माझ्या नवऱ्याला देत होते. तो बँकेत आहे. फक्त चहा घेऊन आला होता.

आणि ढोलाचं निघालंच आहे तर, अख्खा देश 'नाशिक ढोल' म्हणतो, आणि नाशिकमध्ये बसलेली माणसं मला सांगतात, "कशाला वाजवून घेता, लूप टाका ना." गंगापूर रोडला गणपतीच्या आधी दीड महिना संध्याकाळी सातला पथकाची प्रॅक्टिस सुरू होते, पाव किलोमीटरवरून छाती हलते, ती हवा, ते पान कसं दबतं, टिपरू पडल्यावर मागून येणारा घुमार कसा येतो, ते सगळं दारात असताना बाहेरच्या कुणीतरी पॅक करून विकलेला लूप टाकायचा, जो मागच्याच महिन्यात तीन गाण्यांत वाजलाय. मी टाकत नाही. भांडते आणि टाकत नाही.

रिव्हर्बला, म्हणजे आवाजाच्या घुमण्याला, इको म्हणतात त्याचं मला काही वाटत नाही. पण "इको वाढवा" म्हणून चार वेळा वाढवून घ्यायचा आणि मग "शब्द कळत नाहीत" म्हणून मलाच विचारायचं, हे वाटतं. मोबाइलवर ऐकून "बेस नाही" म्हणायचं. त्या एवढ्याशा स्पीकरमधून ऐंशी हर्ट्झ निघेल कुठून? मग डीजेवर लावून ऐकायचं आणि "बेस फार झाला, थोडा कमी करा." गाडीत ऐकून तिसरंच. घरातल्या आजोबांना ऐकवून चौथं. एका लग्नाच्या गाण्याचे सतरा व्हर्जन झाले माझ्याकडे, आणि शेवटी "ते पहिलं होतं ना, त्यात फील होता, तेच द्या." पैसे एकाच व्हर्जनचे.

निवडणुकीच्या प्रचाराचं गाणं तर मी आता घेतच नाही. उमेदवार पडला की फोन बंद. निवडून आला तरी बंद.

आणि मुंबई. "मुंबईला करून घेऊ, साउंडच वेगळा येतो." गेल्या वर्षी एकाने माझे ५,००० जास्त वाटले म्हणून गाणं मुंबईच्या एका स्टुडिओत दिलं, २२,००० मोजले. त्या स्टुडिओने काम बाहेर दिलं. आठ दिवसांनी तेच सेशन माझ्याच मेलवर आलं, ६,००० रुपयांत कराल का म्हणून. केलं मी, याच खोलीत, याच मॉनिटरवर, सासूबाईंनी जुन्या चादरी शिवून दिलेल्या, आवाज शोषणाऱ्या याच रॉकवूलच्या पॅनलांमध्ये. नंतर तो माणूस भेटला तर मला समजावून सांगत होता, "बघा, याला म्हणतात मुंबईचा साउंड." मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. त्याचाही राग आज येतोय, माझ्यावर.

सीए मैत्रीण म्हणते, छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी आहे ना तुझी, त्यांच्यासाठी २००६चा कायदा आहे, काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. माहीत आहे मला. पण हे तर म्हणतात, आम्ही फायनल स्वीकारलंच नाही! आणि कायद्यापुढे ठेवायला माझ्याकडे कागद कुठला? "करून टाका ताई, पैशाचं टेन्शन घेऊ नका", अकरा सेकंदांची व्हॉइस नोट. गीतकार-संगीतकारांना कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने रॉयल्टीचा हक्क तरी कागदावर मिळाला. मिक्स करणाऱ्याला तोही नाही. गाणं दहा वर्षं वाजो की दहा लाख वेळा, आपल्याला मिळायचं ते एकदाच. आणि तेच एकदाचं असं बुडतं.

आता २०२७च्या सिंहस्थाची गाणी सुरू झालीत. तिघांनी विचारलंय, तिघांच्याही बोलण्यात आधी 'प्रसिद्धी' आली, पैसे आलेच नाहीत.

मला सगळ्यात लागलं ते पैशांचं नाही. म्हणजे पैशांचंही आहेच, हप्ता पाच तारखेला जातो. पण "लोकांना काय कळतंय" हे जास्त लागलं. कळतं लोकांना. त्यांना फेज कळत नसेल, लफ्स कळत नसतील, पण शिट्टी वाजली की मान वळते, शब्द बुडाला की गाणं पुढे ढकललं जातं. ती चाळीस माणसं लाइक करून गेली ती कळलं म्हणूनच. मी विसर्जनाच्या दिवशी मेनरोडकडे फिरकत नाही, लग्नात स्पीकरपासून लांब बसते, दर तासाला दहा मिनिटं शांततेत बसून कान उतरवते, पंधरा वर्षं हा एक अवयव जपलाय मी. तो दुसऱ्याला ऐकू यावं म्हणून जपलाय. आणि हा माणूस सांगतो कुणाला काही ऐकूच येत नाही.

दुपारी मी त्यांना एकच मेसेज केला. पैसे द्यायचे नसतील तर निदान माझं नाव तिथून काढा, ते माझं काम नाही.

संध्याकाळी उत्तर आलं. अंगठा, हात जोडलेले, आणि: "नाव काढलं ताई. आता हिशोब मिटला ना?"

बघितलं. खरंच काढलंय. चार मिनिटांचं काम होतं, पाच तासांत केलं. ज्या माणसाला फायनल टाकायला वेळ नव्हता त्याला माझं नाव पुसायला मिळाला.

मिटलेला नाही. ७,५०० बाकी आहेत, गोंधळ्यांचे मी दिलेले १,५०० वेगळे, आणि शिट्टी अजून २ मिनिटं ११व्या सेकंदालाच आहे.