भोकं आहेत, पण चुकीच्या जागी

ऑनलाइन मिळणारी ती छोटी, घडीच्या पायांची कोळशाची ग्रिल आता आपल्या बेळगावात बऱ्याच घरांत आलीय. रविवारी जांबोटी किंवा तिलारीकडे निघालेल्या गाडीची डिकी उघडा, चटईखाली ती सापडेलच. माझं तिच्याबद्दल सरळ मत आहे: डबा बरा, पण शेगडीचा खालचा अर्धा भाग बनवणारा विसरलाय.

जुनी बादलीची शेगडी आठवा. आतून मातीचा लेप, मधोमध जाळी, जाळीवर कोळसा आणि खाली पुढच्या अंगाला एक तोंड. राख त्या तोंडातून ओढायची, हवाही त्याच तोंडातून आत शिरायची. निखाऱ्यावरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला खालून गार हवा कोळशातून ओढली जाते. पंखा लागायचा तो पेटवण्यापुरता. ओतकामाच्या कारखान्यांच्या उद्यमबागेच्या गावात हे सांगायला नको, लोखंड वितळवायच्या कुपोला भट्टीतसुद्धा वारा खालच्याच अंगाने सोडतात.

या ग्रिलमध्ये मात्र कोळसा थेट तळाच्या पत्र्यावर बसतो. बाजूला नक्षीदार भोकं दिसतात, पण ती कोळशाच्या वर. आलेली हवा निखाऱ्यांच्या डोक्यावरून फिरून निघून जाते. वरचा थर लाल, खालचा काळा, आणि थोडी राख साठली की खालचं सगळं गुदमरतं. मग एक जण पुठ्ठ्याने वारा घालतोय, राख चिकनवर बसतेय आणि बाजूचा म्हणतोय, "कोळसाच खराब हाय गा." पावसाळ्यात ते थोडं खरंही असतं. इकडच्या पावसात उघड्या पोत्यातला कोळसा ओल धरतो, पेटताना तडतडतो, धूर काढतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, तो प्रश्न मिटला. पण भर उन्हाळ्यातही ग्रिल विझत असेल तर कोळशाला शिव्या देऊन काय उपयोग?

काही जण बॅटरीवरचा छोटा ब्लोअर घेतात, काही घरातला हेअर ड्रायर आणतात. मला हे अजिबात पटत नाही. कोळसा भराभर संपतो, राख उडते, आणि जिथे वारा लागतो तिथेच भाजून बाकीचं कच्चं राहतं.

खरं काम तळाशी आहे. पहिली गोष्ट, कोळसा तळापासून उचला. आत आणखी एक जाळी बसवायची, तळापासून तीन-चार सेंटीमीटर वर. दोन्ही लांब बाजूंना आतून एल आकाराची पट्टी बोल्टने आवळली की जाळी तिच्यावर नुसती टेकते, राख काढायला उचलून घेता येते. जाळी जाड सळईची किंवा एक्सपांडेड (चिरून ताणलेल्या, जाळीदार) पत्र्याची घ्या, बारीक तारेची लाल होऊन वाकते. फटी एवढ्याच हव्यात की राख खाली पडेल, निखारा पडणार नाही.

आणि जाळी गॅल्वनाइज्ड घेऊ नका. हे मी दोनदा लिहीन, कारण हार्डवेअरच्या दुकानात तीच आधी पुढे करतात. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं आणि 907 अंशांना उकळतं. वारा मिळालेला कोळसा तिथवर सहज जातो. त्या पांढऱ्या धुराने थंडी वाजून ताप येतो, कुठल्याही वेल्डरला विचारा. तो त्यावर दूध प्यायला सांगेल, ते सोडा. साधं लोखंड किंवा स्टेनलेस घ्या. गॅल्वनाइज्ड नको म्हणजे नको.

दुसरी गोष्ट भोकं. ती नव्या जाळीच्या खाली, दोन्ही आखूड बाजूंना पाडायची. तळाला नाही. तळाला पाडली तर ठिणग्या थेट जमिनीवर, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये खानापूरच्या बाजूला वाळलं गवत कसं असतं ते आपल्याला माहीत आहे. तळ तसाच राहू दे, राखेचं ताट म्हणून कामाला येतो. भोकांचा आकारही बघा. 8 मिलीमीटरची चार भोकं मिळून जेवढी जागा होते, तेवढी 16 मिलीमीटरच्या एकाच भोकाची असते. शिवाय बारीक भोकं राखेने लवकर बुजतात. म्हणून मोजकी आणि मोठीच पाडा. पातळ पत्र्याला आधी सेंटर पंचने खूण मारा, आतून लाकडाचा ठोकळा धरा आणि स्टेप ड्रिल, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचं बिट, लावा. साध्या मोठ्या बिटाने पत्रा फाटतो. कडा कानशीने घासा, नाहीतर राख काढताना बोट कापलंच म्हणून समजा.

तिसरी गोष्ट बहुतेक जण टाळतात आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते: शटर. भोकांवर बाहेरून एका बोल्टवर फिरणारी पत्र्याची पट्टी, बस्स. नुसती भोकं पाडलीत तर ग्रिल भट्टी होते. चिकनला सुरुवातीला तो जाळ चालतो. पण आपल्या भागातली रताळी त्या जाळावर टाकून बघा, साल कोळसा आणि आत कच्चं. रताळ्याला निखारे राखेने झाकलेले हवेत, पट्टी जवळजवळ बंद. गोव्याहून आलेला बांगडा तर तेल सोडतो, ते निखाऱ्यावर पडलं की भडका उडतो. तेव्हा पट्टी ओढायची, पाणी मारायचं नाही.

झाकणाची ग्रिल असेल तर झाकणाचं भोक उघडंच ठेवा. आच खालून कमी-जास्त करायची. वरचं बंद केलं की धूर आत कोंडतो आणि मांसाला कडवट वास लागतो.

नवीन भोकांजवळचा रंग पहिल्या पेटवणीत जळतो, म्हणून पहिला कोळसा रिकाम्या ग्रिलमध्येच जाऊ दे. आणि पाऊस आला म्हणून ग्रिल गॅलरीत ओढून दार लावून बसू नका. कितीही हवा खेळवा, कार्बन मोनॉक्साइड तयार होतोच आणि त्याला वास नसतो.

हे सगळं चौकोनी ग्रिलचं झालं. माझ्या मावसभावाची गोल तळाची आहे, तिला शटरची सरळ पट्टी नीट टेकत नाही, फट राहते. गोल तळाला फिरती चकती कुणी बसवली असेल तर फोटो टाका की.